पोकळ फरशी

आमच्या न्हाणीघरातील एक फरशी बोलत असे. दारातून आत पाऊल टाकले, की उजव्या हाताची तिसरी फरशी ‘टक्’ असा आवाज करी. पहाटे घरात कोण उठले आहे, हे त्या आवाजावरून मला अंथरुणात पडल्या पडल्या कळत असे. आईचे पाऊल पडले तर आवाज हलका येई. माझे पडले तर तोच आवाज मोठा होई. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला या फरशीचे भारी कौतुक. त्याने तिचे नाव ‘चौकीदार’ असे ठेवले होते, आणि आम्हीही त्याला हसून दाद देत असू. घरातील एखादी वस्तू बिघडली आणि तिची सवय झाली, म्हणजे तो बिघाड आपल्याला बिघाड वाटेनासा होतो. पण ती फरशी गंमत म्हणून बोलत नव्हती. ती काही सांगत होती, आणि ते ऐकून घेण्याची माझी तयारी नव्हती.

आमचे घर वाईला, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आहे. घर जुने, त्याच्या मागील अंगाला वडिलांनी सहा फूट लांब व पाच फूट रुंद असे लहानसे न्हाणीघर बांधले होते. त्यांनी बसवलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या फरश्या पुढे जुन्या झाल्या, त्यांची झिलई विटली. म्हणून २०१४ सालच्या दिवाळीत मी तेथे नवी फरशी बसवून घेतली. त्यासाठी गावातील मजूर नाक्यावरून एक कारागीर आणला. त्याने एका दिवसात काम उरकले, पैसे घेतले आणि तो निघून गेला. वर्ष उलटले नाही तोच फरश्या हलू लागल्या. सांधे उघडे पडले. पाणी मोरीच्या जाळीकडे जाण्याऐवजी कोपऱ्यात साचून राहू लागले आणि पलीकडच्या भिंतीवर ओल चढू लागली.

‘पैसे घेऊन फसवून गेला,’ अशी ही हकीकत मी ज्याला त्याला सांगत असे. एवढ्यावरच मी थांबलो नाही. पुढे एके दिवशी सकाळी तो कारागीर मला नाक्यावर दिसला. पंधरावीस माणसे कामाची वाट पाहत तेथे उभी होती. त्या सर्वांदेखत मी त्याला वाटेल ते बोललो. तो एक अक्षरही बोलला नाही. खाली मान घालून तो नुसता उभा राहिला. त्याचे ते मौन म्हणजे अपराधाची कबुलीच होय, असे मी समजलो आणि मोठ्या समाधानाने घरी परतलो.

त्यानंतर काही वर्षे आम्ही त्या फरशीवरच दिवस काढले. दुरुस्तीचा विचार मनात आला, की खर्चाचा आकडा डोळ्यांपुढे उभा राही आणि मी तो विचार पुढच्या सुट्टीवर ढकलीत असे. मग २०१८ चा पावसाळा आला. वाईच्या पावसात कपडे चारचार दिवस वाळत नाहीत; तेथे न्हाणीघराच्या कोपऱ्यात साचलेले पाणी कसे वाळावे? त्या कोपऱ्यात हिरवट शेवाळ धरले. एका पहाटे मला नेहमीचा हलका ‘टक्’ ऐकू आला, आणि पाठोपाठ काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. मी धावत गेलो. आई जमिनीवर बसली होती. तिचा उजवा हात मनगटापाशी वाकडा झाला होता. अशा वेळीही ती मला म्हणाली, “अरे, सांभाळून ये. तिथं निसरडं आहे.”

मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवड्यांचे प्लास्टर पडले. मनगटच मोडले, यात नशीब; वयस्कर माणसाचे कमरेचे हाड मोडते तर पुन्हा उभे राहणे कठीण, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आई मात्र कोणालाही दोष देत नव्हती. ‘माझाच पाय घसरला,’ एवढेच ती म्हणे. तिचे हे वाक्य मला त्या फरशीच्या आवाजापेक्षाही अधिक टोचत असे.

आता चांगला कारागीर शोधणे भाग होते. मी चौकशी सुरू केली. एकाने जागा न पाहताच फोनवर भाव सांगितला. दुसरा आला, दारातूनच आत डोकावला आणि म्हणाला, “जुन्यावरच नवी फरशी चिकटवून टाकू. संध्याकाळपर्यंत मोकळे.” पूर्वीचा मी असतो तर या उत्तराने खूश झालो असतो. पण आईचा प्लास्टरमधील हात समोर दिसत होता. शेवटी शेजारच्या आळीतील एका गृहस्थांनी मला त्यांच्याकडे काम केलेल्या मिस्त्रींचा पत्ता दिला आणि एक मोलाची गोष्ट सांगितली. “नवं काम सगळ्यांचंच चकचकीत दिसतं. माणूस निवडायचा असेल तर त्यानं सातआठ वर्षांपूर्वी केलेलं काम पाहा.” आणि त्यांनी मला आपल्या घरातील फरशी दाखवली. आठ पावसाळे झाले होते. एकही सांधा फुटला नव्हता.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आले. वय साठीच्या आसपास, अंगात सिमेंटचे डाग पडलेला सदरा आणि कानाला अडकवलेली पेन्सिल. आल्या आल्या त्यांनी भाव सांगितला नाही. “आधी बघू तर द्या, गुरुजी,” असे म्हणून त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि ते न्हाणीघरात उकिडवे बसले. खिशातून पाच रुपयांचे नाणे काढून ते एकेका फरशीवर ठोकू लागले. काही फरश्यांतून ‘ठण्’ असा भरीव आवाज येई, तर काहींतून ‘बद्’ असा. मुलगा माझ्या मागे उभा राहून हे पाहत होता. मिस्त्रींनी त्याला जवळ बोलावले.

“ऐक हं. ही फरशी भरलेली आहे. हिच्या खाली सगळीकडे माल आहे. आणि ही पोकळ. वरून दोघी सारख्याच दिसतात की नाही? पण पोकळ फरशी पायाचा भार पेलत नाही. आज ना उद्या ती फुटणारच.”

मग त्यांनी त्याच्याकडे काचेची एक गोटी मागितली. मुलाने ती तत्काळ खिशातून काढून दिली. मिस्त्रींनी ती दाराशी जमिनीवर सोडली. गोटी मोरीच्या जाळीकडे जायची, ती वाटेत वळली आणि गडगडत कोपऱ्यात जाऊन थांबली. आई जेथे पडली होती, नेमका तोच तो कोपरा.

“पाणीसुद्धा याच वाटेनं जातं,” मिस्त्री शांतपणे म्हणाले.

त्यांनी पेन्सिलीने कागदावर हिशेब मांडला. किती फरश्या, किती सिमेंट, किती वाळू, मजुरी किती. सारे वेगवेगळे लिहिले. फरशी गुळगुळीत, चकाकणारी घेऊ नका. पायाला पकड देणारी, किंचित खरखरीत पृष्ठाची घ्या, हेही सांगितले. आणि शेवटी म्हणाले, “दहा दिवस लागतील.”

“दहा?” मी चमकून विचारले. “तीस चौरस फुटांच्या जागेला दहा दिवस? चार दिवसांत नाही का व्हायचं?”

मिस्त्रींनी कागदाची घडी केली आणि ती माझ्या हातात ठेवली. त्यांच्या स्वरात राग नव्हता. पण त्यात माघारही नव्हती. “चार दिवसांत करणारे आहेत, गुरुजी. त्यांना सांगा. माझ्याकडून ते व्हायचं नाही.”

मी आईकडे पाहिले. ती म्हणाली, “दहा दिवस आपण शेजारी अंघोळीला जाऊ. त्यात काय झालं?”

काम सुरू झाले. पहिल्या दिवशी छिन्नी आणि हातोडा घेऊन मिस्त्री व त्यांच्या हाताखालचा तरुण फरश्या उकरू लागले. मी आईसाठी दाराशी खुर्ची टाकली होती. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ती सारे पाहत बसे. आमचा ‘चौकीदार’ तर छिन्नीचे टोक लावताच सबंधच्या सबंध हातात आला. त्याच्या पाठीवर सिमेंटचे पाच गोळे तेवढे चिकटले होते: चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. बाकी सारी पोकळी. मी मिस्त्रींना म्हणालो, “पाहिलंत? असं फसवलं त्या माणसानं मला.”

मिस्त्री काही बोलले नाहीत. ते मोरीच्या जाळीजवळच्या फरश्या काढू लागले. तेथे मात्र निराळाच प्रकार झाला. त्या सहा फरश्या काही केल्या निघेनात. घाव घातला तर फरशीचे तुकडे उडत. पण खालचा माल जागचा हलत नव्हता. शेवटी मोठ्या कष्टाने ती जागा मोकळी झाली. मिस्त्रींनी तेथील धूळ हाताने पुसली आणि बराच वेळ ते खाली पाहत राहिले.

“गुरुजी, जरा इकडं या,” ते म्हणाले. “हे बघा. तुमच्या जुन्या पांढऱ्या फरशीवर छिन्नीचे बारीक बारीक टाचे मारलेत. गुळगुळीत झिलईवर सिमेंट धरत नाही. म्हणून आधी टाचे मारून ती खरखरीत करावी लागते. इथं अगदी जवळजवळ, सारख्या अंतरावर टाचे आहेत. मालसुद्धा पूर्ण पसरलेला आहे. हे शिकलेल्या हाताचं काम आहे. आणि मग,” त्यांनी बोट पुढे सरकवले, “इथं टाचे थांबले. एकदम. याच्या पुढं एकही नाही. ज्याला काम येतं, तो मध्येच का थांबेल?”

हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता. ते स्वतःशीच बोलत होते. पण त्याचे उत्तर त्या घरात फक्त मला ठाऊक होते.

त्या कारागिराची हकीकत लोकांना सांगताना मी काही गोष्टी नेहमी वगळीत असे. इतकी वर्षे वगळल्यामुळे त्या जणू घडल्याच नव्हत्या, असे मला वाटू लागले होते. त्या क्षणी त्या एकामागून एक आठवल्या. मी त्याला नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी बोलावले होते. काम पाहताच तो म्हणाला होता, “साहेब, जुनी फरशी उकरली पाहिजे. वर नवी बसवली तर उतार जाईल.” मी म्हणालो होतो, “उद्या पहाटे अभ्यंगस्नान आहे. न्हाणीघर आजच तयार पाहिजे.” मग तो बिचारा निदान टाचे तरी मारू म्हणून छिन्नी घेऊन बसला. दुपारी पाहुणे आले. त्या ठोकण्याच्या आवाजाने कोणाला बोलणे ऐकू येईना. तेव्हा मीच आत जाऊन ओरडलो होतो, “बस करा हो ते ठोकणं! फरशी तेवढी चिकटवा आणि मोकळे व्हा.” निघताना त्याने हात जोडून सांगितले होते, की उद्या दिवसभर यावर पाणी पडू देऊ नका. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजल्यापासून आमच्या घरातील सात माणसांनी त्या ओल्या सिमेंटवर घंगाळेच्या घंगाळे पाणी ओतून अभ्यंगस्नान केले होते.

टाचे जेथे थांबले होते, तेथे माझा आवाज पोहोचला होता.

मी तेथून उठलो आणि बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. भर नाक्यावर खाली मान घालून उभी असलेली ती आकृती डोळ्यांपुढून हलेना. आईने मला सावकाश हाक मारली. मी सारे तिला सांगितले. ती जराशी थांबून म्हणाली, “मला वाटलंच होतं. त्या दिवशी तू फार ओरडला होतास.” एवढे बोलून ती पुन्हा काम पाहू लागली.

पुढच्या दिवसांत मी शाळेतून आलो, की मिस्त्रींचे काम पाहत बसे. दहा दिवस कशाला लागतात, ते मला आता कळू लागले. जुना थर खरवडून काढल्यावर त्यांनी जमिनीला व भिंतीच्या पायथ्याला पाणी न झिरपू देणारा लेप दोन वेळा दिला. तो वाळल्यावर मोरीचे तोंड बंद करून सबंध न्हाणीघरात टाचभर पाणी भरले आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. चोवीस तासांनी पाणी त्याच खुणेवर होते. “आता खाली गळायचं नाही,” असे म्हणून त्यांनी पाणी सोडून दिले.

नंतर कोपरा मापण्याचे काम निघाले. जुन्या घराच्या भिंती सरळ नसतात. मिस्त्रींनी कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण केली, दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर केली, आणि दोन्ही खुणांमधील तिरके अंतर मोजले. ते पाच फूट यायला हवे होते. पाऊण इंच अधिक भरले. “कोपरा फाकलेला आहे,” ते म्हणाले. माझा मुलगा डोळे मोठे करून माझ्याकडे पाहू लागला. काटकोन त्रिकोणाचा जो नियम मी वर्गात खडूने फळ्यावर मांडीत असे, तो येथे सिमेंटच्या धुळीत प्रत्यक्ष राबत होता. मिस्त्री त्याला ‘तीन-चार-पाच’ एवढेच म्हणत. पारदर्शक नळीत पाणी भरून, तिची दोन टोके दोन भिंतींशी धरून त्यांनी पातळीच्या खुणा केल्या. एक टोक धरण्याचा मान मुलाला मिळाला. त्या खुणांवरून दोरी बांधून त्यांनी दारापासून मोरीपर्यंत सहा फुटांत एक इंच असा उतार काढला.

फरशीच्या खोक्यांवर मोरबीचे नाव होते. आपल्या देशातील सिरॅमिक फरशीचा फार मोठा भाग गुजरातेतील या एका गावात व त्याच्या आसपास तयार होतो. माती दळून, दाबून, सुमारे अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअस उष्णतेत भाजली, की ती फरशी होते. मिस्त्रींनी त्या फरश्या लावण्यापूर्वी पाण्याच्या टबात बुडवल्या. बुडवताच त्यांतून बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागल्या.

“हे कशासाठी?” मुलाने विचारले.

“भाजलेल्या मातीला तहान असते, बाळ. कोरडी फरशी लावली तर ती सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते. मग सिमेंट घट्ट कसं होणार? बुडबुडे थांबले की समजायचं, तहान भागली. काही फरश्या दगडासारख्या घट्ट भाजलेल्या असतात, त्या पाणीच पीत नाहीत. त्यांना वेगळा चिकट मसाला लागतो. फरशी बघून माल ठरवायचा.”

दारातून आत येताच सबंध फरश्या दिसाव्यात आणि कापलेले तुकडे पलीकडच्या भिंतीकडे जावेत, अशी मांडणी त्यांनी आधी कोरडीच करून पाहिली. मग एकेक फरशी मालाच्या भरगच्च थरावर ठेवून, रबरी हातोडीने हलके ठोके देत ते ती दोरीबरोबर आणीत. दोन फरश्यांमध्ये प्लॅस्टिकचे लहान ठोकळे ठेवून सांधा सारखा राखीत. एकदा मी म्हणालो, “मिस्त्री, खालचा एवढा खटाटोप कोणाला दिसणार आहे?”

ते हसले. “गुरुजी, तुम्ही वाईचे. ढोल्या गणपतीच्या देवळात रोज जात असाल. पण देवळाची मागची भिंत कधी नीट बघितलीत?”

मी ती पाहिली होती. तिचा विचार मात्र कधी केला नव्हता. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी कृष्णेच्या काठी हे मंदिर बांधले. नदी तेथून इतकी जवळ, की पुराचे पाणी देवळापर्यंत येणारच. म्हणून बांधणाऱ्यांनी मागील भिंत सरळ न ठेवता माशाच्या आकाराची, टोकदार केली. पुराचा लोंढा त्या टोकावर आपटतो, दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो.

“माणसं पुढं उभी राहून हात जोडतात,” मिस्त्री म्हणाले. “पण देऊळ उभं आहे ते मागच्या भिंतीमुळं.”

आठव्या दिवशी सांधे भरण्यापूर्वी मिस्त्रींनी खिशातून नाणे काढले आणि ते माझ्या मुलाच्या हातात दिले. “आता तू तपासनीस. एकेक फरशी वाजवून बघ.” मुलगा गुडघ्यांवर बसला. ठण्, ठण्, ठण्. आम्ही सारे कान देऊन ऐकत होतो. भिंतीकडेच्या एका फरशीपाशी तो थांबला. त्याने पुन्हा वाजवून पाहिले आणि संकोचून मिस्त्रींकडे पाहिले. एवढ्या मोठ्या माणसाची चूक काढावी कशी, असा प्रश्न त्याला पडला असावा. “ही... जरा वेगळी वाजते,” तो हळूच म्हणाला.

मिस्त्रींनी खाली वाकून ऐकले. मला तर त्या आवाजात काहीच फरक जाणवला नाही. ‘चालायचंच,’ असे शब्द माझ्या ओठांवर आले होते; पण मी ते गिळले. मिस्त्रींनी एक शब्दही न बोलता छिन्नी उचलली, आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने बसवलेली ती फरशी काढली, एका कोपऱ्यात कमी पडलेला माल दाखवला आणि नवी फरशी बसवली. “शाबास,” ते मुलाला म्हणाले. “कान चांगला आहे तुझा.” त्या एका फरशीपायी सांधे भरण्याचे काम दुसऱ्या दिवसावर गेले. कोणी कुरकुर केली नाही.

त्या रात्री मी विद्यार्थ्यांच्या वह्या तपासायला बसलो. पण मन त्यात रमेना. वार्षिक परीक्षा जवळ आली, की मीही धडे असेच भरभर उरकीत नाही काय? मागचे कच्चे राहिले आहे हे दिसत असूनही त्यावर पुढचे चढवीत नाही काय? एखादा मुलगा घोकलेले उत्तर धडाधड म्हणून दाखवी आणि मी त्याला पैकीच्या पैकी गुण देई. आत माल भरला आहे की पोकळी आहे, हे एकदा नाणे वाजवून पाहावे, असे मला कधी सुचले नव्हते.

दहा दिवसांचे अकरा दिवस झाले. सांधे सुकल्यावर मिस्त्रींनी पुन्हा ती गोटी मागून घेतली आणि दाराशी सोडली. गोटी संथपणे निघाली, कोठेही न अडखळता, न वळता थेट मोरीच्या जाळीवर जाऊन थांबली. मुलाने टाळ्या वाजवल्या. मग आई उठली. तिने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि नव्या फरशीवर पाऊल टाकले. उजव्या हाताच्या तिसऱ्या फरशीवर मी कान टवकारले. काही आवाज आला नाही. दोन पावले गेल्यावर तिने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि ती एकटीच कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली.

ठरलेली मजुरी मी मिस्त्रींच्या हातात ठेवली. घासाघीस करण्याचे मनातही आले नाही. पण माझे एक देणे अजून शिल्लक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाक्यावर गेलो. नेहमीप्रमाणे माणसे कामाची वाट पाहत उभी होती. त्या गर्दीत तो कारागीर मला दिसला. केस पांढरे झाले होते. मला पाहताच तो एक पाऊल मागे सरला. ज्या ठिकाणी, जितक्या मोठ्याने मी त्याला बोललो होतो, त्याच ठिकाणी, तितक्याच मोठ्याने बोलायचे, असे मी ठरवून गेलो होतो. ते सोपे नव्हते. घसा कोरडा पडला. तरी मी म्हणालो, “तुमचं काम चांगलं होतं. घाई माझी होती. मी तुम्हाला नाही नाही ते बोललो, ते चुकीचं होतं. मला माफ करा.”

आजूबाजूची माणसे बोलायची थांबली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “चूक माझीही झाली, साहेब. असं काम टिकायचं नाही, हे मला दिसत होतं. मी ‘नाही’ म्हणून उठून जायला पाहिजे होतं. पण दुसऱ्या दिवशी माझ्याही घरी दिवाळी होती. रिकाम्या हातानं घरी जाववेना.”

यावर मला काहीच बोलता आले नाही. आमच्या घरच्या अभ्यंगस्नानाची मी एवढी काळजी केली; परंतु त्याच्याही घरी पहाटे दिवे लागणार होते, हे माझ्या ध्यानीमनीही आले नव्हते.

“स्वयंपाकघरातल्या ओट्यामागच्या फरश्या सुटल्या आहेत,” थोड्या वेळाने मी म्हणालो. “याल का?”

“येईन की.”

“किती दिवस लागतील?”

त्याने मनाशी हिशेब केला आणि जरा भीतभीतच म्हणाला, “तीन.”

“चार घ्या,” मी म्हणालो.